सील आली आहे

१

गुरुवारी सकाळी भोपाळच्या अवधपुरीतल्या मराठी मंडळाच्या मागच्या खोलीत पाणी निघालं, आणि दुपारच्या चहापर्यंत गुन्हेगारही ठरला. पाणी उपसायच्या आधी माणूस ठरवायचा, ही आपल्या मंडळांची जुनीच रीत.

फोन आला तेव्हा नीळकंठ देवस्थळी गुडघ्यांना तेल चोळत बसले होते. वय बाहत्तर. कारखान्याच्या वसाहतीतल्या क्वार्टरांची गळती बघण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर तरी छपरं आणि दारं आपला पिच्छा सोडतील, अशी त्यांची भाबडी समजूत होती. मंडळाने त्यांना 'इमारत सदस्य' करून टाकलं. रजिस्टर आलं की सही करायची आणि वर्षातून एकदा गळ्यात हार घालून घ्यायचा, एवढंच काम. तेवढ्याचाही हल्ली त्यांना कंटाळा येई.

"काका, तुम्हाला यावंच लागेल," सचिव शैलेंद्र केतकर फोनवर म्हणाला. तो पुण्याहून बदली होऊन चार वर्षांपूर्वी भोपाळला आला होता आणि त्याचं मराठी अजून सदाशिव पेठेत राहत होतं. "हस्तलिखितं गेली."

नीळकंठराव उठले. गुडघा कळवळला, त्याच्याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

कारखान्यातली पहिली मराठी कुटुंबं दर दिवाळीला हाताने लिहून एक अंक काढत. एकच प्रत. ती घरोघर फिरे आणि मग मंडळाच्या मागच्या खोलीतल्या कपाटाच्या तळाच्या कप्प्यात जाई. असे एक्केचाळीस अंक होते. त्यातले बावीस एकाच अक्षरात होते, सुशीलाबाई देवस्थळींच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. पत्रं लिहायची वेळ त्या नवराबायकोवर कधी आली नाही, त्यामुळे बायकोचं अक्षर म्हणून नीळकंठरावांकडे जे काही होतं, ते त्या कपाटात होतं.

हॉलमध्ये पंख्याखाली सतरंज्यांवर अंक उघडे करून ठेवले होते. नीळकंठरावांनी एक उचलला. पानभर नुसता निळा डाग पसरला होता. दुसरा उचलला, तोही तसाच. तिसरा त्यांनी उचलला नाही.

"मनोरमाबाईंचं काम आहे," शैलेंद्र हळू आवाजात म्हणाला. "मागच्या दाराला नवं रबरी सील बसवायचं म्हणून मी मे महिन्यातच बिट्टन मार्केटला ऑर्डर दिली होती. जूनमध्ये बाईंनी रजिस्टरात लिहिलं, सील आली. आणि आज दाराला सीलच नाही. जुनं चिरकं रबर आहे तसंच लोंबतंय."

त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. रजिस्टरातली एकच ओळ त्यात होती: 'मागच्या दाराला सील आली आहे. पाहून घ्यावे.'

"त्यांना विचारलंत?"

"सगळ्यांसमोर विचारलं. सील आलं होतं का? म्हणे, हो, आली होती. मग आता कुठे आहे? तर काय म्हणाल्या ठाऊक आहे? 'आता तर सगळीकडेच आहे.' म्हणजे चोरी ती चोरी आणि वर हा उद्धटपणा! शिवाय दारही उघडं राहिलं असणार. रविवारी पाचला बैठक आहे. तुमचा लेखी अहवाल आला की त्यांना खोली सोडायला सांगू."

मनोरमा पाटणकर मंडळाचं ग्रंथालय सांभाळत आणि त्या बदल्यात मागच्या अंगणातल्या एका खोलीत राहत. विधवा बाई, मूळची ग्वाल्हेरची. त्या खोलीखेरीज डोक्यावर छप्पर नाही हे सगळ्यांना माहीत होतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी नीळकंठरावांना तिची दया आली नाही. राग काढायला कोणीतरी मिळालं, याचं त्यांना बरंच वाटलं. ते मागच्या खोलीकडे निघाले ते तिच्याविरुद्धचा पुरावा शोधायला. तिथे त्यांना पहिल्याच मिनिटाला भलतंच काहीतरी दिसलं.

२

फरशी स्वच्छ होती.

"पुसली का कोणी?" त्यांनी विचारलं.

"नाही काका. तुम्ही येईपर्यंत हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. फक्त अंक उचलले."

फरशीवर दोन बोटं पाणी अजून साचलेलं होतं आणि त्यातून फरशीची नक्षी दिसत होती. दाराबाहेरच्या अंगणात मात्र पावसाने काळ्या मातीचा नुसता रबडा केला होता. नीळकंठराव उंबरठ्यापाशी वाकले, म्हणजे भिंत धरून हळूहळू खाली गेले.

"शैलेंद्र, दार उघडं राहिलं असतं किंवा दाराखालून पाणी आलं असतं, तर त्याच्याबरोबर हा चिखल नसता का आला? पाणी काय पाय पुसून आत येतं?"

शैलेंद्रही वाकून बघू लागला.

उंबरठ्यावर चिखलाची रेघ नव्हती. बाहेरच्या पायरीच्या दोन बोटं खालीच अंगणातलं पाणी थांबलं होतं. मग आत आलं ते कुठलं? नीळकंठरावांनी खिशातून स्क्रू पिळायचा पेचकस काढला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी तो खिशातून गेला नव्हता. चौकटीच्या डाव्या पायात त्यांनी तो टेकवला आणि जरासा दाबला. सागवानी म्हणून मिरवणाऱ्या त्या लाकडात पेचकस भिजल्या पावात जावा तसा मुठीपर्यंत गेला.

ते वर बघू लागले. चौकट आणि भिंत यांच्यामधली पुट्टी सुकून गळून पडली होती, आणि तिथे वरपासून खालपर्यंत बोटाचं नख जाईल एवढी फट होती. पश्चिमेचा पाऊस भिंतीवर आपटणार, ओघळत त्या फटीत शिरणार, चौकटीच्या पाठीमागून खाली उतरणार आणि आत फरशीवर निघणार. नेमकं तिथेच, डाव्या हाताला, कपाट. गाळलेलं, स्वच्छ पाणी.

"म्हणजे नवं सील असतं तरी..." शैलेंद्र चाचरला.

"रबर दाराची फळी आणि चौकट यांच्यातली फट बुजवतं. ही फट चौकट आणि भिंत यांच्यातली आहे. रबराचं सोनं करून लावलं असतंत तरी पाणी आलंच असतं."

"पण काका, खोटं लिहिलं ते लिहिलंच ना? सील आली म्हणून लिहिलं, आणि सील नाही."

ते मात्र खरं होतं. पाण्याचा आळ गेला होता आणि खोटेपणाचा तसाच उभा होता. आणि बैठकीला बसणाऱ्या माणसांना तेवढा पुरे होता.

३

मनोरमाबाई आपल्या खोलीत सामान बांधत होत्या. एक ट्रंक, दोन पिशव्या, गॅसची शेगडी. नीळकंठराव दारात उभे राहिले, तेव्हा त्यांनी खुर्ची पुढे केली, पण मान वर केली नाही.

"एवढ्यात कशाला बांधताय?" ते म्हणाले. "अजून ठरलं कुठे आहे?"

"ठरलेलं आहे साहेब. मला पण कान आहेत."

"मी सरळ विचारतो. जूनमध्ये दाराचं रबर आलं होतं?"

"नाही. रबर कधीच नाही आलं. गौरांग सेठला दोनदा फोन लावला मी."

"आणि सील आली असं रजिस्टरात लिहिलंत?"

"लिहिलं."

"खोटं?"

आता मात्र त्यांनी मान वर केली. डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता. "खरं लिहिलं. खोटं कशाला लिहू? काय मिळणार मला?"

नीळकंठरावांना चक्रावल्यासारखं झालं. रबर आलं नाही म्हणते आणि सील आली म्हणते. एका तोंडाने दोन गोष्टी, आणि दोन्ही वेळा चेहरा इतका सरळ की चौतीस वर्षं ठेकेदारांचे चेहरे वाचलेल्या माणसालाही त्यात मेख सापडेना.

"कोणाला तोंडी सांगितलं होतंत?"

"ज्यांना सांगायचं त्यांना सांगायला गेले होते."

"कोणाला?"

मनोरमाबाईंनी साडीची घडी घातली, ती पुन्हा मोडली, पुन्हा घातली. "राहू द्या साहेब. मोठ्या माणसांचं नाव घेऊन मला इथे राहायला थोडंच मिळणार आहे? उलट लोक म्हणतील, बाईने स्वतःचं झाकायला दुसऱ्यावर ढकललं."

"मी अहवाल लिहितोय. मला सांगायला हवं."

"तुम्हाला तर नाहीच सांगणार," त्या म्हणाल्या आणि ट्रंकेचं झाकण लावलं.

४

शनिवारी नीळकंठराव रिक्षाने बिट्टन मार्केटला गेले. भाजीवाल्यांच्या गर्दीतून वाट काढत दुकानापर्यंत पोचेस्तोवर त्यांना धाप लागली. या वयात हे नसते उद्योग कोणी सांगितलेत, असं त्यांनी स्वतःला तीनदा विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. त्या निळ्या डागांचा जाब कोणाला तरी विचारल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती.

गौरांग सेठ दारं-खिडक्यांचं सामान विकत. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं.

"बाबूजी, आपके मंडल वाला माल आया ही नहीं। वो साइज कंपनी ने बंद कर दिया। मैंने मैडम को भी बोला, दो बार फोन आया उनका।"

"आणि सचिवांना?"

"उनका तो फोन ही नहीं आया। मैं समझा, कहीं और से ले लिया होगा।"

म्हणजे जी वस्तू चोरीला गेली म्हणून बोंब होती, ती मुळात भोपाळात आलीच नव्हती. नसलेली पट्टी बाई कुठून पळवणार? पण मग आली म्हणून लिहिलं का? आणि विचारल्यावर 'सगळीकडेच आहे' म्हणाली ती काय?

राहिला होता आशिष मिस्त्री. मे महिन्यात मोजमाप घ्यायला आलेला सुतार तोच. नीळकंठरावांनी त्याला फोन करून मंडळात बोलावलं, आणि तो आला तेव्हा चौकटीकडे बोट दाखवून आधी त्याच्यावरच तोफ डागली.

"ये हालत देखी थी तुमने? देखकर भी कुछ नहीं किया?"

आशिष चाळिशीचा, शांत माणूस. त्याने कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली. "देखी थी बाबूजी। दीदी को बताया भी था कि रबर तो बाद में, पहले चौखट का काम है। मैं आने वाला था। फिर केतकर साहब का फोन आया कि काम हो गया, अब मत आना।"

शैलेंद्र दारातच उभा होता. त्याचा चेहरा पडला.

"तू सुताराला येऊ नको म्हणालास?" नीळकंठरावांनी विचारलं. "आणि हे मला आज कळतंय?"

५

"काका, रजिस्टरात सील आली म्हणून वाचलं. मला वाटलं दुकानदाराच्याच माणसाने लावून दिलं. मग मिस्त्री कशाला बोलवायचा?" शैलेंद्रची बोबडी वळायची बाकी होती. "मीही माणूसच आहे ना! ऑफिस, मंडळ, मुलीची दहावी..."

"बाबूजी," आशिष मध्येच म्हणाला, "सील तो बहुत पुरानी है। गर्मी से थी।"

"कुठली सील? हे लोंबतंय ते?"

"अरे नहीं, रबर नहीं। सील।" आणि त्याने हात पुढे केला.

तो हात दाराकडे गेला नाही. तो भिंतीवर गेला. चौकटीच्या शेजारी, जिथे रंगाला फोड आले होते आणि पांढरं मीठ फुटलं होतं, तिथे आशिषने तळवा टेकवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकवावा तसा.

"ये देखिए। सील।"

नीळकंठराव त्या हाताकडे बघत राहिले. चाळीसहून अधिक वर्षं ते या शहरात होते. भिंतीला सील आई है, कमरे में सील है, हे शब्द त्यांनी हजार क्वार्टरांतून ऐकले होते. घरी ते 'ओल' म्हणत आणि बाहेर 'सील' म्हणत. पण इथे रबराच्या सीलची चर्चा चालू होती म्हणून कानाने दुसरा अर्थ आतच येऊ दिला नव्हता.

"ओल," ते म्हणाले. "शैलेंद्र, तिने लिहिलं होतं की दाराला ओल आली आहे. पाहून घ्यावे."

"ओल? पण सील म्हणजे..."

"तुमच्या पुण्यात म्हणजे. ग्वाल्हेरच्या घरात भिंतीला सील येते. 'आली' लिहिलंय बघ तिने. तुला ते खटकलं नाही?"

"खटकलं ना! आपण 'सील आलं' म्हणतो. पण म्हटलं, इकडचं मराठी, लिंगाचा काय भरवसा." बोलता बोलता शैलेंद्रचा आवाज खाली गेला. "म्हणजे परवा मी विचारलं, सील कुठे आहे, आणि त्या म्हणाल्या आता तर सगळीकडेच आहे..."

"खरं बोलली ती. ओल भरलेल्या खोलीत उभी राहून खरं बोलली, आणि तुम्ही तिला उद्धट म्हणालात. ती रबराला कायम रबर म्हणते. माझ्याशीही रबरच म्हणाली. मला तिथेच कळायला हवं होतं. जा, रजिस्टर घेऊन ये."

"काका, फोटो आहे ना माझ्याकडे."

"मला पूर्ण पान हवंय."

"खरंच गरज नाही, काका. अहवालापुरतं फोटोत सगळं आहे." शैलेंद्र जागचा हलेना.

मग नीळकंठराव स्वतःच ग्रंथालयाच्या टेबलापर्यंत गेले आणि त्यांनी जूनचं पान उघडलं. मनोरमाबाईंची ओळ होती, आणि फोटोत जे कापलेलं होतं तेही होतं. शेवटच्या रकान्यात, 'इमारत सदस्यांनी प्रत्यक्ष पाहिले' या शब्दांखाली, दोन अक्षरं: नी. दे.

"मी मुद्दामच कापला तो भाग," मागून शैलेंद्र म्हणाला. "तुमचं नाव यात कशाला, काका. काकूंचेच अंक गेले आणि वर तुम्हाला त्रास."

नीळकंठरावांना तो दिवस हळूहळू आठवला. फार काही आठवण्याजोगं नव्हतंच. उन्हं होती. व्हरांड्यातल्या खुर्चीत ते बसले होते. मनोरमाबाई रजिस्टर घेऊन फाटकापाशी उभ्या होत्या, काहीतरी सांगू बघत होत्या, 'साहेब, एकदा येऊन'... आणि ते म्हणाले होते, 'हो हो, करतो सही.' तीन पानांवर तीन सह्या. गुडघे दुखत होते. मंडळ दोन गल्ल्यांवर होतं.

त्यांनी ती ओळ वाचली असती तर त्यांना तिचा अर्थ कळला असता. भोपाळात ती ओळ बरोबर वाचू शकणारा, तिचं पुढे काय होणार हे जाणणारा आणि ते थांबवू शकणारा माणूस एकच होता. सुशीलेचं अक्षर त्याच्या सहीने पुसलं गेलं होतं.

ते खुर्चीत बसले. रडू आलं नाही. इतका थकवा त्यांना आयुष्यात आला नव्हता.

६

रविवारी पाचला बैठकीला सतरा माणसं जमली. मनोरमाबाई दाराशी उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

नीळकंठरावांनी अहवाल वाचला. पाणी चौकटीमागून कसं आलं, चिखल का नव्हता, रबर कधी आलंच नव्हतं, आणि 'सील' या एका शब्दावर सगळं मंडळ कसं घसरलं, हे त्यांनी क्रमाने सांगितलं. लोक 'अरे!' म्हणाले, कोणी हसलंही. मग त्यांनी रजिस्टरचं पान सगळ्यांना दिसेल असं धरलं.

"ही सही माझी आहे. न बघता केलेली. बाई सांगायला आली होती, मी ऐकलं नाही. शैलेंद्रने माझ्या सहीवर विश्वास ठेवून सुतार थांबवला. त्याचं चुकलं, पण आधी माझं चुकलं."

खोलीत गडबड उडाली. सगळेच एकदम बोलू लागले. "छे छे, काका, असं काय बोलता." "या वयात कोण दारं बघत फिरणार?" "होतं असं, नीळकंठराव. मनाला लावून घेऊ नका." खजिनदार विश्वनाथरावांनी तर उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या लोकांना क्षमा करायची इतकी घाई असते, की आधी ती कोणाला करायची हे बघायला वेळ मिळत नाही.

शैलेंद्र इतिवृत्त लिहू लागला आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागला. "सर्वानुमते मनोरमाबाईंना माफ करण्यात येत असून..."

"माफ?" नीळकंठराव म्हणाले. "काय म्हणून माफ? तिने केलंय काय? ते खोड. मंडळ त्यांची क्षमा मागत आहे, असं लिही. आणि इमारत सदस्य पदावरून माझं नाव काढ."

शैलेंद्रने ओळ खोडली. मग विश्वनाथराव घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे, आता संपलं. मनोरमाबाई, खोली तुमचीच आहे. सामान सोडा. तुम्हीही मनात काही ठेवू नका, काय? होतं असं."

मनोरमाबाईंनी पदर सारखा केला. त्या कोणाकडे न बघता, मोठा आवाज न करता बोलल्या.

"राहीन मी. जायला जागा नाही म्हणून राहीन. पण साहेबांना तुम्ही सगळे एका मिनिटात म्हणालात, होतं असं. तीन दिवस मी ट्रंक बांधत होते, तेव्हा मला कोणी म्हटलं नाही, होतं असं."

शैलेंद्रने वहीत मान घातली.

"नाही म्हटलं," नीळकंठराव म्हणाले. "मीही नाही."

मनोरमाबाई मागे आपल्या खोलीत गेल्या आणि ट्रंकेच्या कड्या निघाल्याचा आवाज आला.